कप्तानाची मावशी

अंतराळातसुद्धा सोयरसंबंध पाहावे लागतात हे मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या भानगडीत पडलोच नसतो. मुकाट्याने केळीचे भाव पाठवत बसलो असतो.

केळीचे भाव पाठवणं हे माझं पोटापाण्याचं काम. जळगावच्या तापीकाठ फळविक्री सहकारी संघात मी वरिष्ठ लिपिक. लीलाधर वारके. सत्त्याण्णव साली आमच्या संचालक मंडळाला आधुनिक होण्याची लहर आली आणि मुख्य कचेरीत एक, सावद्याला एक आणि धुळ्याला एक असे कॉम्प्युटर आले. सोबत मोडेम नावाची चपटी डबी. संध्याकाळी पाच वाजता ती फोनच्या तारेवरून किंचाळायची, मग शाखांची डबी तिकडून किंचाळायची, आणि दोघींचं एकमेकींशी पटलं की मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून दिवसाचा भाव पाठवायचो. शिरपूरची शाखाही जोडायची होती, पण तिथली डबी कधी किंचाळलीच नाही. त्यामुळे शिरपूर विश्वाबाहेर राहिलं.

विश्व हा शब्द मी सहज वापरत नाही. ते काही काळ माझ्याच ताब्यात होतं.

त्याचं असं झालं. भाव पाठवायला लागायचा एक मिनिट, आणि संचालक मंडळाने ठराव केला होता अर्ध्या तासाचा. सहकारात ठराव झाला की तो पाळावा लागतो. उरलेला वेळ आम्ही तिघे शाखावाले एकमेकांना 'कसं काय', 'बरं आहे', 'ऊन फार' असं पाठवत बसायचो. मला तरुणपणापासून ग्रहताऱ्यांचा नाद. एके दिवशी मी लिहून टाकलं : 'तापी-एक हे अंतराळयान आज पृथ्वीवरून निघाले आहे. यानाचे इंजिन धुळे शाखेकडे. यानावरची बाग आणि हवा सावदा शाखेकडे. यान गुरू ग्रहाकडे चालले आहे. समोर धूळ दिसते. काय करता?'

बस्स, एवढंच. रोज मी एक प्रसंग टाकायचा, शाखांनी आपापल्या खात्याची चाल कळवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं ते मी सांगायचं. म्हणजे इंजिन त्यांचं, बाग त्यांची, आणि बाकीचं ब्रह्मांड माझं. घरी साधी भाजी कुठली आणायची हे ज्याला ठरवता येत नाही, त्याला ब्रह्मांड मिळालं की तो जरा ताठ चालतो. मीही चालत असेन. बायको म्हणाली, "मान धरलीय का? बाम देऊ?"

सावद्याहून पहिला प्रश्न आला तो धुळीबद्दल नव्हता. 'कप्तानाचं नाव विक्रांत लिहिलं आहे. आडनाव काय? गाव कुठलं?'

सावद्याचा कॉम्प्युटर हेमराज बऱ्हाटे नावाचा मुलगा चालवायचा. बी.एस्सी. झालेला, सरळ, कमी बोलणारा. प्रश्न मात्र त्याचा नव्हता. तो होता त्याच्या वडिलांचा. जीवराम नाना बऱ्हाटे रोज संध्याकाळी केळीचा भाव ऐकायला शाखेच्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि त्यांच्यासोबत आणखी टोप्या. भाव ऐकून झाला की हेमराज छापलेला कागद बाहेर आणून यानाची हकिकत वाचायचा. आता ज्या माणसाचं आडनाव आणि गाव माहीत नाही, त्याच्या हाती यान कसं द्यायचं, हा नानांचा मुद्दा. मी घाईत 'एदलाबादकडचे' असं कळवलं. पुढे एकदा चुकून 'मुक्ताईनगरकडचे' लिहिलं, तर सावद्याला पटलं, कारण एकच गाव ते. पण धुळ्याने हरकत घेतली की कप्तानाचं गाव उड्डाणानंतर बदललं कसं.

धुळ्याचे रुपचंद भाऊ म्हणजे वेगळंच प्रकरण. शाखाप्रमुख. मोटार पंप स्वतः उघडून जोडणारे. त्यांना नात्यागोत्याशी घेणं नव्हतं, त्यांना हिशेब लागायचा. आठवड्याभरात त्यांचा थेट फोनच आला.

"लीलाधर भाऊ, यान निंघनं तवय हवान्या टाक्या दोन व्हत्यात. आते तीन कश्या व्हयन्यात?"

मी म्हटलं, "तीन लिहिलं का मी?"

"लिखेल शे. कागद मना हातमा शे. तिसरी टाकी कथाईन उनी?"

आता ती कुठून आली हे मला तरी काय माहीत! ब्रह्मांड चालवणाऱ्याने टाक्या मोजत बसायच्या का? मी 'खुलासा यथावकाश' असं कचेरीतलं उत्तर दिलं. रुपचंद भाऊ मात्र यथावकाश विसरणारे नव्हते. त्यांच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'तिसरी टाकी?' एवढं असायचंच.

अशा रीतीने दोन पक्ष पडले. सावद्याला माणसं नीट हवी होती, यंत्र कसंही चालो. धुळ्याला यंत्र नीट हवं होतं, माणसं कशीही वागोत. गुरूच्या अलीकडे मी एकदा यान चुकून दोनदा त्याच लघुग्रहाजवळून नेलं, तर धुळ्यात हाहाकार. सावदा गप्प. नाना म्हणाले म्हणे, "रस्ता चुकला असीन बाप्पा, नवा माणूस हाये." पण कप्तानाने एकदा आपल्या आईला पत्र लिहिलं आणि वडिलांना नमस्कार सांगितला नाही, तर सावद्याहून विचारणा झाली, की वडील हयात आहेत ना.

मधल्या काळात मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गोष्ट अशी, की यानाची हकिकत आणि केळीचा भाव एकाच लांबलचक कागदावर छापले जायचे आणि ते सगळं भेंडोळं फाइलला लागायचं. साहेबांनी त्यातली एक ओळ लाल शाईने अधोरेखित केली होती : 'उल्कापातामुळे बागेचे निम्मे नुकसान.'

"वारके, हे नुकसान मंडळापुढे का आलं नाही?"

"साहेब, ते तसं..."

"पंचनामा झाला का? कुठला गट नंबर?"

मी खरं तेच सांगितलं. "गुरूच्या कक्षेत, साहेब."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग पेन थांबलं. पुढचा पाऊण तास मी काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी साहेबांनी फाइल मिटली, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्या यानावर प्रशासन कोण बघतं?"

दुसऱ्या दिवशी यानावर एक प्रशासकीय अधिकारी आला. तो काही करत नसे, फक्त खुलासे मागवत असे. याला मात्र दोन्ही शाखांनी हरकत घेतली नाही. ते सगळ्यांनाच खरं वाटलं.

इथपर्यंत सगळं गमतीतच चाललं होतं. पण माझी एकुलती एक मुलगी ज्योत्स्ना लग्नाची झाली होती, आणि आमच्या घरात कशावरही एकमत होत नसलं तरी एका बाबतीत आम्हा तिघांचंही झालं होतं : हेमराज. मोडेम बिघडला म्हणून हेमराज एकदा जळगावला आला होता. मी त्याला जेवायला घरी आणलं. तो दोन पोळ्या खाऊन तीन शब्द बोलला. तो गेल्यावर ज्योत्स्नाने विचारलं, "अप्पा, मोडेम पुन्हा कधी बिघडतो?" मोडेम त्यानंतर बऱ्याचदा बिघडला. तारा कोण काढत होतं ते मी विचारलं नाही.

आमच्या शेजारचे उखर्डू अण्णा एस.टी.तून निवृत्त झालेले, आणि त्यांचे सावद्यात पाहुणे. त्यांनी मध्यस्थी केली. नाना तयार होते. "अंतराळात यान चालवते तो माणूस, घर चांगलंच असीन," असं म्हणाले म्हणे. फक्त रीतसर पाहुण्यांनी येऊन घर आणि मुलगी पाहायची राहिली होती. आणि मी त्या आनंदात एक घोडचूक केली.

घरात लग्नाचं वारं होतं, म्हणून मी यानावरही लग्न काढलं. यानावर तारका नावाची इंजिनिअर होती. गुणी पोर. मी संध्याकाळी निरोप पाठवला : 'येत्या गुरुवारी गुरूच्या कक्षेत कप्तान विक्रांत व इंजिनिअर तारका यांचा विवाह योजिला आहे. शाखांनी सजावटीची चाल कळवावी.' गुरुवारी गुरूच्या कक्षेत, ही कल्पना मला फारच आवडली होती.

धुळ्याहून लगेच उत्तर आलं : लग्नाच्या वेळी इंजिन बंद ठेवू का चालू? सावद्याहून काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली, आणि ती हेमराजने किती संकोचाने टाइप केली असेल ते मला अजून दिसतं : 'नाना म्हणतात, हा विवाह होऊ शकत नाही. मुलगी मावसबहीण लागते.'

मी जुने कागद काढले. पहिल्या आठवड्यातच मी लिहून ठेवलं होतं : 'निघताना कप्तानाने तारकेच्या आईच्या पाया पडून म्हटले, येतो मावशी. तिने डोळे पुसले. त्याची आई आणि ती एकाच अंगणात वाढलेल्या.' डोळ्यात पाणी यावं म्हणून घातलेली वाक्यं होती हो ती! ती अशी अंगावर येतील हे कुणाला ठाऊक.

मी सावद्याला फोन लावला. "नाना, मावशी आपण कुणालाही म्हणतो. भाजीवालीलाही म्हणतो."

"भाजीवालीच्या पाया पडता का?"

"एकाच अंगणात म्हणजे शेजारी, नाना."

"शेजारच्या बाईले आपण काकू म्हणतो, भाऊ. मावशी काहून म्हनला तो? आईकडचं नातं असल्याशिवाय पोरगा मावशी म्हनत नही. आन तुम्हीच लिव्हलं ना हे? का दुसऱ्यानं लिव्हलं?"

तिकडे धुळ्याने लग्नाची बाजू घेतली, कारण रुपचंद भाऊंनी इंजिनाचं वेळापत्रक लावून टाकलं होतं. त्यांनी सुचवलं, "तिले मामानी पोर करी टाका, मंग काय भानगड नही." म्हणजे मावशीची नको, मामाची मुलगी करा. हे सावद्याला कळलं आणि ओट्यावरच्या टोप्या उभ्या राहिल्या. पोरीची आई अशी बसल्या जागी बदलता येते का? आज आई बदलली, उद्या बाप बदलाल! रोज पाच वाजता भाव येत होता, पण तो कोणी ऐकत नव्हतं. सावदा धुळ्याला लिहीत होतं, धुळं सावद्याला लिहीत होतं, आणि मधे मी, ब्रह्मांडाचा मालक, निरोप इकडून तिकडे करणारा हमाल होऊन बसलो होतो.

मी ठिगळं लावून पाहिली. तारका ही दत्तक मुलगी असल्याचं जाहीर केलं. सावदा म्हणालं, दत्तक गेली तरी नातं जात नाही, आणि दत्तक कोणाकडून? मग मी कळवलं की 'मावशी' हे तिचं टोपणनाव होतं. यावर सावद्याहून उत्तरच आलं नाही. आणि ते बरंच झालं, कारण ते वाचून माझी मलाच लाज वाटली.

रविवारी सकाळी उखर्डू अण्णा आले ते चप्पल न काढताच. "लीलाधर, काम अवघड आहे. नाना म्हणतात, ज्या माणसाला आपल्या मनातल्या माणसांची नाती ध्यानात राहत नाहीत, तो आपल्या पोरीचं मोसाळ काय खरं सांगेल? आता पुन्हा सगळी चौकशी करतो म्हणाले. तुझ्या सासूबाईंच्या माहेरापासून."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ज्योत्स्ना बाहेर आली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तिने माझ्याकडे फक्त पाहिलं आणि परत आत गेली. मला आजवर साहेब बोलले, बायको बोलली, धुळं बोललं. त्यातलं काही इतकं लागलं नव्हतं. माझ्या पोरीचं लग्न मी एका खोट्या माणसाच्या लग्नापायी घालवत होतो.

उखर्डू अण्णांनी सल्ला दिला. त्यांचे सल्ले नेहमी एस.टी.सारखे, सुटतात वेळेवर, पोचण्याची खात्री नसते. "गाडीच रद्द करून टाक ना. नवरदेवच नाही तर लग्न कुठलं?"

मला ते पटलं. रागात माणसाला काहीही पटतं. सोमवारी पाच वाजता मी भाव पाठवला आणि खाली लिहिलं : 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की कप्तान विक्रांत यांचे आज उल्केच्या आघाताने निधन झाले.' मग बटण दाबलं आणि हलका झालो. पायी घरी आलो, वाटेत ज्योत्स्नाला आवडते म्हणून शेव घेतली.

मंगळवारी मी रजेवर होतो. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या दारात एक कमांडर जीप थांबली. आतून एकामागून एक पांढऱ्या टोप्या उतरल्या. सगळ्यांत पुढे जीवराम नाना, खांद्यावर उपरणं, मान खाली. मागून हेमराज, त्याची मान सगळ्यांत खाली. कोणी राम राम केला नाही. कोणी चप्पल वाजवली नाही. सगळे मुकाट्याने ओट्यावर, मी घाईने अंथरलेल्या सतरंजीवर बसले आणि जमिनीकडे पाहू लागले.

मला समजायला थोडा वेळ लागला. ही माणसं दारावर आली होती. कोणी गेलं की जवळच्यांनी दारावर येऊन बसायचं असतं, आणि कप्तानाचं दार म्हणायचं तर ते माझंच होतं.

"चांगला माणूस होता," नाना जमिनीकडे पाहत म्हणाले.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"वय काही नही." एक टोपी म्हणाली. दुसऱ्या टोपीने सुस्कारा सोडला. नानांची नजर मात्र जमिनीवरून हळूच उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून आतल्या भिंतीवर आणि तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस घर पाहायला आला होता. रीतसर पाहायला आला असता तर होकार नकार द्यावा लागला असता. दारावर येण्याला कसला आला होकार नकार? मी मनात म्हटलं, सावद्याच्या ओट्यावर बसून केळीचा व्यापार करणारा माणूस काही उगीच मोठा होत नाही.

मी आत धावलो. आत त्याहून मोठा पेच होता. पुष्पा, म्हणजे माझी बायको, कांदा चिरून हातात उलथणं घेऊन उभी होती.

"अहो, हे पाहुणे म्हणून आलेत की दारावर? पाहुणे असतील तर पोहे करायला हवेत. दारावर आले असतील तर पाणीसुद्धा विचारायचं नसतं!"

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोन्हीचं काय करतात?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच शास्त्रात नाही. मी बाहेर आलो तर उखर्डू अण्णा माझ्या आधी पोचले होते. आमच्या दारात पांढऱ्या टोप्या पाहून ते रुमाल घेऊनच आले होते आणि टोप्यांच्या मधोमध बसून डोळे पुसत होते. बराच वेळ पुसल्यावर त्यांनी शेजारच्या टोपीला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कप्तान विक्रांत."

"अरेरे. बॉडी केव्हा येणार?"

"अंतराळात गेले ते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सल्ला आपलाच होता हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी रुमाल पुन्हा डोळ्यांना लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

आणि नेमकी तेव्हाच आतून मोहरी तडतडली. मागोमाग हिंगाचा, मग कांद्याचा वास खमंगपणे ओट्यावर आला. पुष्पाने निर्णय घेतला होता. टोप्यांची नाकं वर झाली. सुतकाच्या घरात फोडणी! नानांची मान एकदम वर आली.

"भाऊ, फोडनी?"

 ब्रह्मांडाचा मालक वाकून सतरंजीची सुरकुती सरळ करू लागला. हेमराज सतरंजीचा दोरा ओढत होता. हे लग्न आता मोडलंच असं मी धरून चाललो.

तेवढ्यात पुष्पा डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशी आली. ती कधी यानाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तो माझा रिकामा उद्योग आहे असं तिचं मत, आणि ते तिने कधी लपवलं नव्हतं.

"नाना," ती म्हणाली, "घरात कोणी गेलेलं नाही, म्हणून फोडणी दिली. कप्तानाला कावळा शिवला होता."

तिने पदर सावरला.

"जिवंत माणसाच्या डोक्याला कावळा शिवला की तो गेल्याची खोटी बातमी जवळच्यांना कळवतात, ते रडले की अरिष्ट टळतं. रीत आहे ना? म्हणून तुम्हाला कळवलं. जवळचे म्हणूनच कळवलं. तुम्ही एवढे उन्हातान्हाचे आलात, वाईट वाटून घेतलंत. त्याचं आयुष्य वाढलं."

 नानांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"अस्सं सांगा ना मंग! कवा शिवला?"

"निघायच्या दिवशी. मावशीच्या पाया पडायला वाकला होता तेव्हा."

"मंग ती मावशीच ना?"

"मावशीच. एकदा पाया पडला, मावशी म्हणाला, संपलं."

"आन ते लग्न?"

"शिव शिव, नाना! बहीण लागते ती."

टोप्या एकमेकींकडे वळून माना हलवू लागल्या. इतके दिवस सावदा ज्यासाठी भांडत होतं ते एका बाईने उंबऱ्यावर उभं राहून देऊन टाकलं होतं, आणि तेही माझ्या ब्रह्मांडातून, मला न विचारता. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

नाना मोठ्याने हसले. "भाऊ, तुमच्या घरात नातं ध्यानात ठेवनारं एक मानूस तरी हाये! झालं तर मंग. पोरीले सांगा, पोहे आन."

ज्योत्स्ना पोहे घेऊन आली. पहिली बशी नानांना दिली, शेवटची हेमराजला, आणि त्या शेवटच्या बशीवर शेव जरा जास्त होती. ते नानांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. निघताना ते जीपपाशी थांबले. दारावर आलेला माणूस जाताना काही न बोलता जातो, 'येतो' म्हणत नाही.  नाना जीपमध्ये चढले, टोपी नीट केली, आणि आमच्या अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "येतो मंग, लीलाधर भाऊ."

संध्याकाळी धुळ्याचा फोन आला. कप्तान जिवंत असल्याची बातमी तिथे पोचली होती.

"अंतराळमा कावया कथाईन उना?"

मी म्हटलं, रुपचंद भाऊ, कावळा जमिनीवरच शिवला होता, उड्डाणाआधी.

"मंग खबर इतली उशिरा कशी?"

"यान फार लांब गेलंय. तिथून निरोप पोचायला वेळ लागतो."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग रुपचंद भाऊ म्हणाले, "हाई मातर शास्त्रीय शे." आणि फोन ठेवता ठेवता, "पन तिसरी टाकी?"

लग्न झालं. कप्तान बिनलग्नाचा राहिला, तारकेने त्याला राखी बांधली, सावदा समाधान पावलं. ज्योत्स्ना सावद्याला गेली. मुलगी सासरी जाताना बाप रडतो म्हणतात. मी रडलो नाही. मी सामान मोजत होतो. त्या गडबडीत माझा मोठा टॉर्च, मी कोणाला हात लावू देत नसे तो, मी तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली सरकवून दिला. सावद्याला वीज फार जाते. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुष्पाने कारण विचारलं असतं आणि मला ते नीट सांगता आलं नसतं.

ती गेल्यावर घर रिकामं झालं, आणि मला यानाचं काही सुचेनासं झालं. गुरू मागे पडला. शेवटी सावद्याहूनच निरोप आला की यापुढे प्रसंग तिकडून लिहिले जातील. कोण लिहिणार ते लिहिलं नव्हतं, पण पहिल्या प्रसंगातच कप्तानाने दोन्ही आजोबांना नावानिशी नमस्कार सांगितला, तेव्हाच मी ओळखलं. अशा रीतीने माझं ब्रह्मांड हुंड्याशिवाय सावद्याला गेलं. मला यानावर सफाई खातं मिळालं. प्रशासकीय अधिकारी माझ्याकडून रोज खुलासा मागवायचा.

मग मी पण हरकती घ्यायला लागलो. काल डावीकडे असलेला ग्रह आज उजवीकडे कसा? कप्तान जेवला केव्हा? हरकतीला उत्तर द्यावंच लागतं, आणि उत्तर ज्योत्स्ना लिहायची. फोनवर पोरगी 'बरी आहे अप्पा' याच्यापुढे काही बोलत नसे, मागे घरभर माणसं असायची. पाच वाजताचं उत्तर मात्र माझ्या एकट्याचं असायचं. मला तिची फार आठवण यायची, हे मी इथेच सांगून टाकतो. घरी कोणाला सांगितलेलं नाही.

एके दिवशी विचारण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी रुपचंद भाऊंचाच प्रश्न पाठवला : 'यान निघाले तेव्हा हवेच्या टाक्या दोन होत्या. तिसरी कुठून आली?'

मोडेम किंचाळला. कागद खरखरत वर आला.

'तिसरी टाकी घरातल्या कोणीतरी, न सांगता, सामानात खाली ठेवून दिली होती. निघणाऱ्याला ते नंतर कळतं. काल वीज गेली तेव्हा साड्यांखाली सापडला. अप्पा, जेवलात का?'

खालीच धुळ्याची ओळ आली : 'जमनं.'

त्या संध्याकाळी मी केळीचा भाव पाठवायलाच विसरलो. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी लेखी खुलासा मागितला, आणि मी लिहून दिला : एका जुन्या टाकीचा हिशेब लागत नव्हता, तो लागला.